बिशप पाखरे आणि लोकांची डोकी

बिशप पाखऱ्यांनी माझं नाव विचारलं ते नंतर. आधी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आम्ही त्या दिवशीच माढ्याहून सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या घरात राहायला आलो होतो. लोखंडी कपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं हमालाच्या. शेजारच्या बंगल्याच्या फाटकातून एक धिप्पाड गृहस्थ बाहेर आले. अंगात पांढरा पायघोळ झगा, गळ्यात क्रूस, पायात करकरणाऱ्या वहाणा. जवळ येऊन म्हणाले, "बघू, डोकं बघू," आणि भाकरी थापणाऱ्या बाईसारखा रुंद पंजा त्यांनी माझ्या टाळूवर ठेवला. कपाट सोडता येत नव्हतं, त्यामुळे डोकंही सोडवता आलं नाही. गृहस्थांनी डोळे मिटले.

"वेळापूर," ते म्हणाले.

"नाही. माढा."

"आजोळ?"

"आजोळ बार्शी."

"मग आजीचं म्हायेर वेळापूर आसंल. इचारा घरात."

मी माईला, म्हणजे माझ्या आईला, विचारलं. तिनं जरा वेळ आठवून सांगितलं, की तिच्या सासूची एक बहीण वेळापूरला दिली होती. ही गोष्ट मी बिशपसाहेबांना सांगायला नको होती. त्यानंतर सहा महिने ते येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवून "हे वेळापूरचं डोकं" म्हणून सांगत असत.

पुढे माझ्या लक्षात आलं, की पुरेसं मागे गेलं की प्रत्येकाचं कुणी ना कुणी वेळापूरला निघतंच. पण बिशपसाहेबांना हे पटवणं शक्य नव्हतं. "तोंडं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाईत मास्तर, डोकी ऱ्हात्यात," असं ते म्हणत. अक्कलकोटकडची डोकी मागून चपटी, माढ्याची वर निमुळती, पंढरपूरची गोल पण कडक, असा सगळा जिल्हा त्यांनी हाताखालून घातला होता. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. माझ्या नकाशापेक्षा त्यांचा नकाशा जास्त तपशीलवार होता, हे कबूल करायला हवं.

ही सवय त्यांच्या कामातून लागलेली. अँग्लिकन पंथात जाणत्या झालेल्या मुलामुलींना मंडळीत पक्कं करून घेण्याचा एक विधी असतो. त्याला ते लोक दृढीकरण म्हणतात. मुलं ओळीनं गुडघे टेकतात आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची ती बिशपनंच. साध्या पाळकाला तो अधिकार नाही. त्यामुळे बिशप होऊन ज्या गावी जावं तिथं डोक्यांची रांग तयारच असायची. पाखरेसाहेब या सगळ्याला "डोक्यांचा धंदा" म्हणत.

जन्म अक्कलकोटकडच्या वळसंगचा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. लहानपणी ढोरं राखली, मग मिशनच्या बोर्डिंगात शिकले, मग पायी गावोगाव हिंडणारे उपदेशक झाले, मग पाळक, आणि केस पिकल्यावर बिशप. मध्ये एक वर्ष त्यांना शिकायला विलायतेला धाडलं होतं. तिथली हकिगत ते एका वाक्यात सांगत: "माणसं लई चांगली, पर डोक्याला हात लावला की घाबरत्यात." आपल्या घरमालकिणीच्या डोक्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी हात ठेवला होता. ती बाई पुढचे चार महिने घरातसुद्धा टोपी घालून वावरत होती म्हणे.

सत्तर साली निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र झाल्या. ज्या गावांनी तीन पिढ्यांत बिशप पाहिला नव्हता, तिथंही पाखरेसाहेब आता जाऊ लागले. बिशपचं काय करतात हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. एका गावानं त्यांची हलगी लावून बैलगाडीतून मिरवणूक काढली. दुसऱ्या गावानं फेटा बांधला, चादर पांघरली आणि हातात नारळ दिला. साहेबांनी सगळं मुकाट्यानं करून घेतलं. तक्रार फक्त फेट्याबद्दल होती, कारण फेट्यातून डोकं कळत नाही. नारळ त्यांनी आमच्याकडे पाठवून दिला. माईनं तो ठेवून घेतला. नारळ आतून कुणी शिवलेला नसतो, असं तिचं म्हणणं पडलं.

माईचं आणि त्यांचं काय होतं ते आता सांगायलाच हवं.

माई सोवळ्याची. बिशपसाहेब आमच्याकडे आले की ओट्यावर बसत. त्यांच्यासाठी निळ्या काठाचा एक कप होता, तो ओट्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. चहा झाला की साहेब स्वतः उठून नळाखाली तो कप विसळत आणि पालथा घालून ठेवत. हे सगळं इतकं शांतपणे चाले, की जणू ते दोघांनी बसून ठरवलं होतं. मी शिकलेला माणूस. वर्गात समतेवर बोलत असे. घरात त्या कपाकडे बघत असे आणि काही बोलत नसे. याची मला आजही लाज वाटते.

एरवी दोघांचं बरं जमे. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून साहेब रोज सकाळी हाक मारत, "माई, डोकं बघू."

माई पदर पुढं ओढून म्हणे, "माझं डोकं माझ्या आईनं बघून ठेवलंय. तुम्ही आपल्या लोकांची बघा."

"व्हय, पर तुमचं कुठलं हाय ते कळंना झालंय की मला."

"नका कळू देऊ. एवढं एक राहू द्या."

एकदा अशाच बोलण्यात त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. त्या माउली वळसंगच्या सुईण. गावात कुणाचंही बाळंतपण असो, पाटलाचं असो की कुलकर्ण्याचं, बोलावणं त्यांनाच. पोर उपजलं की तेल लावून त्याचं डोकं त्या बसवायच्या.

"गावात एक डोकं न्हवतं माई, जे माझ्या आईच्या हातातनं गेलं न्हवतं," साहेब म्हणाले. "पोर होईस्तवर आई आतल्या खोलीत. पोर झालं, डोकं बसलं, धा दिस झाले की आई अंगणात. मी तर कायमच अंगणात. तितं बसून आतलं रडणं ऐकायचो. आता मी बी त्योच धंदा करतोय, फकस्त पोरं जरा मोठी असत्यात."

एवढं बोलून ते मोठ्यानं हसले. माई हसली नाही. ती तुळशीला पाणी घालायला लागली.

साहेबांच्या हाताचा एक नियम होता. दोन्ही हात ठेवले तर ते चर्चचं काम. एक हात ठेवला तर ते त्यांचं खासगी. खासगी हात ते कुणावरही ठेवत: पोस्टमन, भाजीवाली, आमचे हेडमास्तर. दोन हात मात्र विधीपुरतेच. या नियमात एकदाच चूक झाली. माढ्याकडच्या एका खेड्यात दृढीकरण होतं. ज्या एसटीनं साहेब गेले, तिचा ड्रायव्हर परत निघायला वेळ होता म्हणून प्रार्थनेला डोकावला. सगळी मुलं ओळीनं गुडघे टेकून बसलेली बघून त्याला वाटलं, मोठे महाराज आशीर्वाद देतायत. तोही शेवटी बसला. डोकी बघताना साहेब डोळे मिटतात. त्यांनी ओळीत शेवटपर्यंत दोन्ही हात ठेवले, प्रार्थना म्हटली, डोळे उघडले, तर पुढ्यात खाकी वर्दी.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? हात उचलता येतोय मास्तर, केलेली प्रार्थना कशी उचलायची? वर कळवलं. वरनं काय उत्तर आलं न्हाय."

ड्रायव्हरला मात्र त्याचा काही त्रास झाला नाही. उलट त्यानंतर त्याची गाडी कधी घाटात बंद पडली नाही, असं तो सांगे. दर नाताळात तो करंज्या खायला येई आणि दर संक्रांतीला साहेबांना तिळगूळ देऊन जाई. साहेब मात्र त्याला पाहिलं की जरा ओशाळत.

स्वतःच्या डोक्याविषयी ते फारसं बोलत नसत. ते टक्कल पडून गुळगुळीत झालं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बिशपपदाची दीक्षा घेताना मात्र इतर बिशपांनी एकदमच त्यांच्या डोक्यावर हात ठेवले होते. "सात जनांचे हात व्हते. वजन लागलं, पर कुणाचा कुठला त्ये कळलं न्हाय," एवढंच ते एकदा म्हणाले होते. मी ते विनोद म्हणून ऐकलं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. सुमनची, म्हणजे माझ्या बायकोची, आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. फार अडलं. दोन दिवस ती कळा देत होती. बाळ हातात आलं तेव्हा त्याचं डोकं मागे ओढल्यासारखं लांबट होतं, दुधी भोपळ्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाटेत दाबलं गेलंय, आठवड्याभरात बसेल, काळजीचं काही नाही. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

पण डॉक्टरांचं ऐकतं कोण? बाळाला न्हाऊ घालायला जी बाई लावली होती, तिनं बाळाचं टोपडं काढलं, जीभ चुकचुकवली आणि म्हणाली, "असल्या डोक्याचं एक पोरगं आमच्याकडं हुतं." पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. तिनं ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सुमननं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवेना. बोलेना. दूध उतरेना. बाळ उपाशी रडायचं आणि त्या रडण्यानं सुमन आणखी मिटायची. मी शाळेत जाऊन आठवीच्या मुलांना पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असते हे शिकवून आलो. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली नाही. साहेबांनाही रडणं ऐकू येत असणार. ते नुसते उभे होते. माई भिंतीपाशी गेली.

"बिशप, तुमच्या आईचं काम तुम्हाला येतं का?"

"बघितलंय, माई."

"बघितलंय की येतं?"

"येतंय."

"मग आत या."

"आत?"

"नाहीतर काय, बाळ भिंतीवर आणून ठेवू?"

मी तोंडात बोट घालायचा बाकी होतो. माईनं माझा चेहरा पाहिला आणि न विचारताच खुलासा केला. "सोयर आहे. दहा दिवस घर तसंही विटाळलेलंच. विटाळात आणखी विटाळ काय धरायचा?" हे शास्त्र कुठल्या पोथीत आहे ते मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

साहेब फाटकातून आले. वहाणा बाहेर काढल्या. नळावर पाय धुतले, हात कोपरापर्यंत धुतले. बोटातली जांभळ्या खड्याची बिशपची अंगठी काढून माझ्या हातात दिली. "धरा मास्तर. पोराला टोचंल." आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मात्र ते थबकले. विलायत बघून आलेला एवढा थोराड माणूस, पण पुढं पाऊल पडेना.

"या की," माई म्हणाली. "बाळंतीण उपाशी आहे."

त्यांनी कोमट तेल तळव्यावर घेतलं, डोळे मिटले आणि त्या लांबुळक्या डोक्यावर एकच हात ठेवला. तो इतका हलका ठेवला, की तेल तेवढं लागलं असेल. बाळ रडत होतं. साहेब कानडीत पुटपुटायला लागले, "अळब्याड, अळब्याड." रडू नको, रडू नको. बऱ्याच वेळानं त्यांनी सुमनकडे पाहिलं.

"झकास डोकं हाय पोरी. जरा वाकडं बसलंय, बसवतो. रोज येतो. पर एक अट हाय. तू पोटभर जेवायचं. बाळंतीण उपाशी आसली की माझा हात चालत न्हाय."

सुमन आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच बोलली. "नक्की बसेल?"

"माझ्या आईनं अख्खं वळसंग बसवलंय. हे एवढंसं काय घिऊन बसलीस?"

त्या दुपारी सुमन जेवली. संध्याकाळी बाळ प्यायलं आणि झोपलं.

साहेबांना त्याच आठवड्यात नागपूरला मोठ्या सभेला जायचं होतं. त्यांनी तार केली, की स्थानिक मंडळीत तातडीचं काम निघालं आहे. रोज सकाळी ते येत, पाय धुत, मला अंगठी देत, आत जात. तिसऱ्या फेरीपासून त्यांचा चहाही आतच येऊ लागला, घरातल्या कपातून. आणि डोकं खरंच बसत चाललं. बाळाच्या सातव्या दिवशी माईनं त्याला उजेडात धरलं, सगळीकडून पाहिलं आणि म्हणाली, "पेरूसारखं झालं की गं!" सुमन हसली. मी न्हाणीघरात गेलो, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

त्या संध्याकाळी साहेबांचे आभार मानायला मी भिंतीपाशी गेलो. ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मास्तर, घरात सांगू नका. मी काय केलं न्हाय."

"म्हणजे?"

"त्ये आपोआप बसतंय. डॉक्टरीण खरंच बोलली. आई मरताना मला सांगून गेली, की डोकं देव बसवतोय, आपुन फकस्त हात ठेवायचा, म्हंजे बाळंतिणीच्या जिवाला बरं वाटतंय. माझ्या धंद्याचं बी तसंच हाय. कुणाला सांगायचं न्हाय, एवढंच."

"मग काल-परवा तर सुमन ठीक होती. तरी रोज का आलात?"

साहेबांनी भिंतीवरची एक काडी उचलली आणि मोडली. "आत बोलावलं व्हतं न्हवं," ते म्हणाले. "आणि धा दिसच हाईत की."

दहावा दिवस झाला. अकराव्या दिवशी सोयर फिटलं. माईनं घर सारवल्यासारखं धुतलं, देवांची पूजा केली. साहेब आले नाहीत. भिंतीपलीकडे खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. मी चहाला बोलावलं तर ओट्यावर आले, कोनाड्यातून निळ्या काठाचा कप स्वतःच काढून पुढं केला आणि चहा झाल्यावर विसळून पालथा घातला. माई दारातून बघत होती. त्या दिवशी ती कुणाशीच धड बोलली नाही.

बाराव्या दिवशी बारसं. आळीतल्या बायका जमल्या, पाळणा सजला. साहेबांना मी सकाळीच सांगून आलो होतो. ते आले नाहीत. माई हातातलं ताट ठेवून तडक भिंतीपाशी गेली.

"बिशप, बारशाला येताय ना?"

"हितनं ऐकतो की माई. पाळणा ऐकू येतोय मला."

"आत या."

"सोयर फिटलं न्हवं, माई."

"म्हणूनच बोलावतेय," माई म्हणाली. "तेव्हाचं बोलावणं बाळासाठी होतं."

साहेब आले. आज पाय धुताना त्यांना बराच वेळ लागला. बायकांनी वाट दिली. पाळण्यापाशी वाकून त्यांनी बाळाच्या डोक्याकडे हात नेला तेव्हा मी नकळत त्यांचे हात मोजले. माईनंही मोजले असणार, कारण ती म्हणाली, "एकच हं, बिशप."

"एकच माई, एकच," म्हणत त्यांनी एक हात ठेवला. बायका हसल्या.

पाळण्याखाली बाळाच्या तेलाची वाटी होती. माईनं ती उचलली. साहेबांच्या डोक्याकडे निरखून पाहिलं.

"तुमच्या डोक्याला शेवटचं तेल कधी लागलं होतं?"

"तितं काय लावायचं माई? केस कुटं हाईत?"

"केसाला नाही, डोक्याला म्हणतेय मी."

साहेबांनी टकलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आई गेली त्या साली."

"बसा खाली."

शेकडो लोकांना गुडघे टेकायला लावलेला तो माणूस आमच्या पाटावर गुडघे टेकून बसला. माईनं वाटीतलं तेल तळव्यांवर घेतलं आणि दोन्ही हात त्यांच्या टकलावर ठेवले. साहेबांनी डोळे मिटले होते, पण मिटल्या पापण्यांखालून पाणी येऊन दाढीत उतरत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मला त्यांच्या बोलण्यातले ते सात हात आठवले.

माईनं त्यांचं डोकं मागून चाचपलं, बाजूनं चाचपलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मागून चपटं. वळसंग."

"आणि आजोळ?" साहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

माईनं वाटीतलं उरलेलं तेल त्यांच्या टाळूवर घातलं.

"आजोळ इथलंच," ती म्हणाली. "याच घरातलं."